मावळतीकडे पाय

खंडू काही वाईट बोलला नाही. तो तसा फार बोलतच नाही. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी नीलाच्या कबरीला चुना मारत बसलो होतो आणि तो पलीकडं कबरींच्या दुसऱ्या ओळीसाठी जागा साफ करत होता. खंडू भोसरीचा जुना माणूस. जमीन कारखान्यात गेली, तेव्हापासून आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कबरस्तानात राखण करतो आणि खड्डेही तोच खणतो. विडी पेटवता पेटवता तो म्हणाला, "दौलतराव, एक इचारू का? तुमी दर सालाला बाईच्या पायाशी फुलं ठेवता. उशाशी का न्हाई ठेवत?" मी म्हणालो, "उशाशीच ठेवतो की. हा क्रूस दिसत नाही का तुला?" तर म्हणाला, "क्रूस तुमी मागनं बसवला. बाईचं डोस्कं तिकडं उगवतीला हाय, दिघीच्या डोंगराकडं. मीच खाली उतरून पेटी घेतली, मला ठावं न्हाई व्हय?" आणि झुरका मारून परत गवत उपटायला लागला.

मी तिथंच बसून राहिलो. ब्रशावरचा चुना बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता, नखांजवळच्या चिरांत झोंबत होता, एवढंच कळत होतं. तो क्रूस मी स्वतः केलेला. कंपनीतल्या भंगारातला लोखंडी अँगल साहेबाला विचारून घेतला, जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंग केलं. नीला गेल्यावर दोन महिन्यांनी तो बसवला. तोवर शेजारी आणखी एक कबर झाली होती, तिचा क्रूस मावळतीच्या भिंतीकडच्या टोकाला होता, म्हणून मी दोरी लावून आमचाही त्याच ओळीत घेतला. ओळ इतकी सरळ आली की मंडळीतल्या लोकांनी कौतुक केलं, दौलतरावांचं काम म्हणजे बघायला नको. खंडू त्या दिवशी तापानं घरी पडला होता, नाहीतर तेव्हाच बोलला असता. म्हणजे नऊ वर्षं मी तिच्या कपाळाशी वाकलोय असं समजून जे जे बोललो, ते तिच्या पावलांशी बोललो. त्याचं मला काही नाही. तिच्या पावलांशी बोलायला मला कमीपणा वाटत नाही. मला घोर लागला तो वेगळाच.

आमच्यात माणसाला पुरतात ते डोकं मावळतीकडे आणि पाय उगवतीकडे करून. का, ते मला माझ्या आजोबांनी शिकवलं. आजोबा, आबाजी मास्तर, नेवाशाकडच्या आमच्या गावात मिशनची शाळा चालवायचे. ते सांगायचे, प्रभू उगवतीकडून येणार. शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की कबरीतला जो तो आपल्या जागी उठून बसणार, आणि बसल्या बसल्या समोर प्रभू दिसला पाहिजे, मान वळवायचीसुद्धा गरज पडता कामा नये. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. रात्री अंथरूण घातलं की मी गुपचूप उशी फिरवायचो, झोपेत मेलो तर तयारी असावी म्हणून. आई ओरडायची, चुलीकडं पाय करतोस काय मेल्या. पुढं मोठा झालो, नगरला शिकलो, बासष्ट साली पिंपरीला आलो आणि कंपनीत इन्स्पेक्शनला लागलो. मी श्रद्धावान आहे, पण अडाणी नाही. रविवारी देवळात बायबलमधलं वचन वाचतो आणि सोमवारी मायक्रोमीटरनं माप घेतो, दोन्हींत मला कधी अडचण आली नाही. पण त्या दुपारी चुन्यानं भरलेल्या हातानं मी तिथं बसलो होतो तो इन्स्पेक्टर नव्हता. तो उशी फिरवणारा पोरगा होता.

मी उठून खंडूजवळ गेलो. म्हणालो, "नक्की का रे?" तो म्हणाला, "हितला पैला खड्डा माझा. पैला कोन इसरतं? मी इचारलं, मालक डोस्कं कुनीकडं, तर तुमीच हात केला. म्हनला, पाय भिंतीकडं." मग बाकीच्यांचे पाय कुणीकडं, मी विचारलं. "त्येंचे उगवतीकडं. मला वाटलं, पैल्या मानसाचं तुमच्यात उलटं आसंल." त्याचा काय दोष. ज्यानं हात केला तो मी.

आणि एकदा तो हात आठवला, तसं बाकीचं आपोआप येत गेलं. एकाहत्तरचा ऑगस्ट. नीला बारा दिवस दवाखान्यात होती, काविळीनं. माझी तिसरी पाळी चालू होती. रात्रभर कंपनीत, सकाळी दवाखान्यात, दुपारी जमेल तशी डुलकी, संध्याकाळी परत दवाखाना. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "आज जाऊ नका ना." मी म्हणालो, "एवढा आठवडा निघू दे, मग रजाच टाकतो." सकाळी सुटायच्या वेळी माझ्या जागेवरचा माणूस आला नाही, सुपरवायझर म्हणाला चार तास थांब, आणि मी थांबलो. ती नऊ वाजता गेली. नऊ वाजता मी एका जॉबचं, म्हणजे मशिनच्या एका सुट्या भागाचं, भोक तपासत होतो. बाराला पोचलो तर खाटेवरची चादर बदललेली. हे मी नऊ वर्षं उगाळतोय, त्याला आता धार राहिलेली नाही, पण त्या दिवशीचं पुढचं मला कधी नीट आठवलंच नव्हतं. कंपनीच्या सुतारांनी मशिनच्या खोक्याच्या फळ्यांना रंधा मारून पेटी केली. ट्रक कंपनीनं दिला. ताडपत्रीखाली मी पेटीवर हात ठेवून बसलो आणि, सांगायला लाज वाटते, मला झोप लागली. ट्रक थांबल्यावर जाग आली. ताडपत्री बाजूला केली तर जागा अनोळखी, सगळीकडं ढग, डोंगर नाही, कारखान्याची चिमणी नाही, काही नाही, आणि ढगांच्या खाली एका बाजूला तांबूस पट्टी. तिसऱ्या पाळीच्या माणसाला गेटाबाहेर पडल्यावर जे पहिलं दिसतं ते हेच. मला वाटलं, सकाळ झाली. ते सात वाजायच्या बेताला होतं, संध्याकाळचे. दफनाची प्रार्थना करायला पाळकसाहेब पुण्याहून यायचे होते, त्यांची बस अडकली होती. बाकीचे चिखलात छत्र्या धरून उभे होते. खंडूनं विचारलं आणि मी त्या पट्टीकडं हात केला. उजेडाकडं पाय.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेलो. हे आत्ताचे पाळक, तरुण, सेमिनरीतून शिकून आलेले, मनमोकळे. सकाळच्या उपासनेसाठी मेणबत्त्या मोजत होते. मी आडून विचारलं, "साहेब, समजा एखाद्याला उलटं पुरलं तर?" ते म्हणाले, "उलटं म्हणजे पालथं?" मी म्हणालो, "नाही, दिशेनं उलटं." ते हसले. "अहो दौलतराव, समुद्रात बुडालेले आहेत, वाघानं खाल्लेले आहेत, त्यांना कुणी कुठं दिशा दाखवली? देव उठवणार तो काय होकायंत्र बघून उठवणार? कुणाचं झालंय असं?" मी म्हणालो, "नाही, सहज आपलं." कबरस्तानातून येऊन चार तास झाले नव्हते आणि मी पाळकाशी खोटं बोललो. त्यांनी मला चहा पाजला.

त्यांचं खरं होतं. घरी येता येता मी स्वतःला तेच बजावत होतो. ज्यानं मातीतून माणूस केला त्याला तो फिरवणं जड आहे का? पण पाळकसाहेबांनी नीलाला पाहिलेलं नव्हतं. नीलाला दिशा कळायच्या नाहीत. गावात तिचं कधी अडलं नाही, कारण गावात एकच रस्ता. इथं कंपनीच्या क्वार्टर्स, सगळ्या इमारती एकसारख्या, एकसारखे जिने, पिवळा रंग. लग्नानंतर पहिल्या महिन्यात ती दळण घेऊन आली ती तिसऱ्याच इमारतीत, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडलं तर हिनं तिलाच विचारलं, तुम्ही आमच्या घरात कशा? आम्ही महिनाभर हसत होतो. पण एकदा ती पिंपरीच्या बाजारातून निघाली आणि उलट्या बाजूच्या बसमध्ये बसली. मी दुसऱ्या पाळीवरून आलो तर घराला कुलूप. शोधत शोधत गेलो तर चिंचवडच्या पुढं एका सायकलच्या दुकानासमोर उभी, पिशवी छातीशी धरून. दुकान बंद झालेलं. मी चिडलो. म्हणालो, कुणाला विचारायचं तरी. तर म्हणाली, "अनोळखी माणसाला काय विचारायचं. म्हटलं, तुम्ही याल." सहा तास ती तिथं उभी होती. सहा तास. पाळकसाहेबांना हे कसं सांगायचं? त्या दिवशी कर्णा वाजेल, सगळे उठतील, सगळे त्या उजेडाकडं चालायला लागतील, आणि नीला उठून बसेल ती भिंतीकडं तोंड करून. समोर भिंत, मागं गलका. ती वळून कुणाला विचारणार नाही. पिशवी छातीशी धरून ती तिथंच थांबेल, मी येईन म्हणून. आणि मी तर बाकीच्यांबरोबर पुढं गेलेला असेन.

घरात मामी मोगऱ्याचे गजरे करत बसली होती. मामी म्हणजे तानुबाई, नीलाची आई. नीला माझ्या मामाची मुलगी, तेव्हा मामी आधीची, सासू नंतरची. नीलाच्या आजारपणात ती गावाहून आली आणि मग परत गेलीच नाही. मामा आधीच गेले होते, दुसरं मूल नाही, जाऊन करायचं काय. लोक म्हणाले, दौलतराव दुसरं लग्न करतील तेव्हा म्हातारी कुठं जाईल. मी लग्न केलं नाही. त्यात मोठेपणा काही नाही, राहून गेलं. नऊ वर्षं आम्ही दोघं त्या दोन खोल्यांत एकमेकांच्या पायात न येता राहतोय. ती मला भाकरी घालते, मी तिला डोळ्यांत औषध घालतो. नीलाचं नाव आम्ही ईस्टर आणि तिचा दिवस सोडला तर काढत नाही. पण म्हातारीची एकच आशा आहे, आणि रोज संध्याकाळी ती प्रार्थनेत मोठ्यानं बोलते, की त्या दिवशी लेक भेटू दे. आता हिला मी काय सांगू? की मामी, तुमची लेक मी भिंतीकडं तोंड करून पुरली? गजऱ्याची गाठ दातानं तोडून ती म्हणाली, "जावई, जेवून घ्या. सकाळी अंधारात निघायचं हाय." मी जेवलो. कशाची भाजी होती ते विचाराल तर सांगता येणार नाही.

खाटेवर पडल्यावर पहिली गोष्ट मी काय केली, तर माझे पाय कुठं आहेत त्याचा हिशेब लावला. उत्तरेकडे होते. मग उकरायचा विचार केला. कंपनीत उलटा बसलेला जॉब आम्ही काढतो, पुसतो, फिरवून परत बसवतो, पाच मिनिटांचं काम. पण नऊ पावसाळे गेलेत, खोक्याच्या फळ्या त्या. उकरून मी फिरवणार तरी काय? आणि सापडलं ते कुठल्या बाजूचं हे ओळखायचं कसं? ते मनात आलं आणि मी उठून बसलो. नीलाची हाडं ओळखायची माझी तयारी नव्हती. मला तिचा चेहरासुद्धा हल्ली फोटोतलाच आठवतो.

पहाटे मंडळी जमली. दर ईस्टरला आम्ही उजाडायच्या आधी कबरस्तानात जातो, कबरींवर मेणबत्त्या लावतो आणि सूर्य वर येईस्तोवर गाणी म्हणतो. मी भिंतीशी उभा राहिलो, नीलाच्या क्रुसापाशी. मामीनं गजरा क्रुसाला न घालता कबरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. मला वाटलं, तिला अंधारात दिसत नसेल. सगळ्यांची तोंडं दिघीच्या डोंगराकडं. डोंगराची कड पिवळी झाली, मग सूर्य आला, आणि सगळ्यांच्या अंगावर एकदम ऊन पडलं. पाळकसाहेब म्हणाले, प्रभू उठला आहे, आणि मंडळी म्हणाली, खरोखर उठला आहे. मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि त्या पाठींच्या खाली ओळीनं निजलेले लोक उठून बसलेले दिसत होते, उन्हाकडं तोंड करून, डोळे चोळत. आणि त्यांच्यात एकटी माझी बायको माझ्याकडं तोंड करून बसलेली. तेव्हा मला रडू आलं. बाजूच्या माणसानं खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं असेल, वचनानं गहिवरलो.

पण तिथंच एक गोष्ट लक्षात आली. ती माझ्याकडं तोंड करून होती. मी भिंतीशी उभा होतो, उगवतीकडं तोंड करून, आणि ती मावळतीकडं. म्हणजे या जागेवर जो निजेल, सगळ्यांसारखा, रीतसर, तो उठेल तेव्हा त्याला समोर नीला दिसेल आणि तिला तो. मी पावलाला पाऊल लावून क्रुसापासून भिंतीपर्यंत मोजलं. सव्वासात फूट. झाडं लावायला म्हणून सोडलेली जागा, झाड एकही लागलेलं नाही. एक माणूस बसतो. गेल्या सोळा तासांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. उपासना संपल्यावर चहा वाटत होते, तेव्हा खंडूला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "खंडू, ही भिंतीकडची जागा माझी. कुणाला देऊ नकोस. मी मंडळीला अर्ज करतो." खंडू कानाची पाळी चोळत म्हणाला, "ती दिली की."

"कुणाला?"

"तुमच्या म्हातारीला. लई वर्सं झाली. तुमी कंपनीत असताना आल्ती, सोताच्या साडीनं मापून गेली."

मामी कठड्यावर बसून बशीतून चहा पीत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं खंडूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बशी खाली ठेवली. मी म्हणालो, "मामी, तुम्हाला माहीत होतं?"

"म्या तवाच म्हनले व्हते. म्हनले, जावई, तिकडं मावळती हाय."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हनला, मामी, तांबडं फुटतंय, दिसत न्हाई का तुमाला."

मला हे आठवत नव्हतं. अजून आठवत नाही. मी खाली तिच्या पायाशी बसलो. ती म्हणाली, "सांज व्हती, आन् तुमाला सकाळ दिसत व्हती. समद्यांनी ऐकलं. कुनी काय बोललं न्हाई. म्हनलं, मान्साचं डोस्कं ठिकानावर ऱ्हायलं तर पुरे. लेक तर गेलीच व्हती."

"नऊ वर्षं बोलला नाहीत."

"बोलून काय? तुमी काय तिला फिरवनार व्हता?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्या हाय की. तिच्या पायाला पाय लावून निजंन. उठली की पैलं माझं तोंड दिसंल, मंग भ्यायची न्हाई ती. हात धरून वळवीन. म्हनंन, बाय, हिकडं न्हाई, तिकडं बघ."

मी म्हणालो, "ती जागा मला द्या, मामी. चूक माझी आहे." ती मान हलवत राहिली. नाही म्हणजे नाही. मी म्हणालो, "मग मी कुठं जाऊ?" आणि माझा आवाज असा निघाला की चहा घेणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. लग्न ठरलं त्या दिवसापासून तिनं मला कधी एकेरीत हाक मारली नव्हती. आता तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू तिच्या उशाकडं, दौलत. दुसऱ्या वळीत. खंडूला सांगितलंय म्या. वळली की म्होरं तूच दिसशील."

मी म्हणालो, "पाठमोरा दिसेन, मामी. माझं तोंड तिकडं असणार."

"मंग वळखंल की ती. तू कंपनीत निघालास की जिन्यापासनं फाटकापतुर तुझी पाठच तर बघायची. म्या आले तवा पन खाटंवरनं खिडकीतनं बघत व्हती." मामीनं बशी उचलली, चहा गार झाला होता, तरी तिनं तो संपवला. मग म्हणाली, "तेवढं एक कर. कर्णा वाजला की लगीच चालाय लागू नको. जरा थांब. मागं वळून बघ."